ऊसतोड टोळीसोबत नेता येईल अशा खेळसाहित्यासाठी अनुदान कोठून मिळेल?

तापीकाठ (शहादा तालुका)
नमस्कार. आमच्या गावातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात आणि आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास परततात. आखाजीला गावात मुलींसाठी झोके बांधले जातात, पण हंगामभर पडावावर (टोळीच्या मुक्कामाच्या जागी) त्याच मुलींना उसाच्या वाढ्यांखेरीज (शेंड्याकडच्या पानांखेरीज) खेळायला काहीही नसते. झोक्याचे दोर व पाट, दोराची शिडी, लाकडी ठोकळे, रिंगा आणि चेंडू असे दोन पत्र्याच्या पेट्यांत मावणारे साहित्य टोळीच्या ट्रकमधून पाठवावे, असा आमच्या नोंदणीकृत संस्थेचा विचार आहे. एका देणगीदाराने मात्र हे साहित्य कायमचे कोणत्या जागी बसवणार, असे विचारून अर्ज परत केला. जागाच बदलणाऱ्या मुलांसाठी कोणाकडे मागावे?

जळगावकर
ताई, जागेपेक्षा मालकी स्पष्ट लिहा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालील सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या) निधीतून घेतलेले साहित्य भांडवली मालमत्ता ठरल्यास, २०२१ च्या सुधारित नियमांनुसार ते सीएसआर क्रमांक असलेल्या नोंदणीकृत संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या बचत गटाच्या किंवा शासकीय यंत्रणेच्या नावावर असावे लागते. हा निधी घेणाऱ्या संस्थेला आयकर खात्याची १२अ व ८०जी नोंदणी, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ अर्ज भरून मिळणारा क्रमांक लागतो. दक्षिण गुजरातेतले बहुतेक साखर कारखाने सहकारी असल्याने हे कलम त्यांना लागू नाही. तरीही पडाव त्यांच्याच उसासाठी पडतो, म्हणून त्यांना स्वतंत्र पत्र अवश्य द्या.

सातपुडा पायथा (धडगाव)
आपले गाव पेसा क्षेत्रात (आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली) असेल, तर आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध (ठरावीक कामाशी न बांधलेला) निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतीला मिळतो आणि तो कशावर खर्चावा हे ग्रामसभा ठरवते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला टोळ्या गावातच असतात, तेव्हा आयांनीच हा विषय मांडावा. समग्र शिक्षा अभियानातून प्राथमिक शाळेला खेळसाहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांची तरतूद आहे खरी, पण शाळेच्या साठा नोंदवहीतील वस्तू सहा महिने परगावी पाठवायला मुख्याध्यापक तयार होणे कठीण.

गिरणाथडी
आम्ही वीटभट्ट्यांवर तीन हंगाम अशी पेटी फिरवली. पहिल्या वर्षी किल्ली मुकादमाकडे दिली आणि पेटी बहुतेक दिवस बंदच राहिली. पुढल्या वर्षी ती तेरा-चौदा वर्षांच्या दोन मुलींकडे सोपवली, तेव्हा रोज संध्याकाळी उघडू लागली. दोर दुसऱ्या महिन्यातच झिजतात आणि झिजलेल्या दोरावर मूल बसवणे धोक्याचे आहे, म्हणून अंदाजपत्रकात बदली दोरांची रक्कम वेगळी दाखवा.

तापीकाठ
सर्वांची आभारी आहे. मालकी बचत गटाकडे राहील, असा ठराव याच आठवड्यात घेते. स्थलांतरित मुलांना परगावच्या शाळेत बसता यावे म्हणून शाळा देते त्या शिक्षण हमी पत्रकांवरून वयवार संख्या काढून ती अर्जाला जोडते, आणि किल्ली कोणत्या मुलींकडे राहील हे त्यांना विचारून ठरवते.