कच्छला सप्टेंबरमध्येही जा

पक्षी बघायला कच्छला डिसेंबर-जानेवारीतच जावं, असा सल्ला नेहमी दिला जातो. करकोचे बघायचे असतील तर तो अगदी बरोबर आहे. संध्याकाळी छारी ढंढ या पाणथळ जागेवर उतरणारे त्यांचे थवे तेव्हाच बघावेत. फुलाय गावाजवळ पिलूच्या झाडाची फळं खायला येणारा ग्रे हायपोकोलियस हा पक्षीही हिवाळ्यातलाच. पण सप्टेंबरचं नाव कुणीच का घेत नाही? मध्य आशियातून आफ्रिकेकडे निघालेले युरोपियन रोलर, लाल पाठीचे खाटीक, ठिपकेदार माशीमार हे पक्षी तेव्हा इथून जातात. आपल्याकडे ते एरवी सहज दिसत नाहीत, म्हणून उकाडा सोसूनही जावंच. रस्त्याकडेच्या तारा आणि बाभळी नीट न्याहाळा. फक्त कळकळीची विनंती, फोटोसाठी त्यांना उडवू नका आणि त्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून त्यांना जवळ बोलावू नका. त्यांना अजून आफ्रिका गाठायची असते.