मदत हवी आहे: परसबाग रात्रीत उकरून जातंय, स्वस्तातला उपाय सांगा

परसदार_सातारा
यवतेश्वरच्या पायथ्याला घर आहे. रात्री काहीतरी येतं आणि मागची बाग उकरून जातं. तार आहे तरी येतं. कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन परवडणार नाही. स्वतः करून बघितलेला उपायच सांगा, आणि लवकर सांगा. उरलंय तेवढं तरी हाताला लागू दे.

पहार
काहीतरी म्हणजे काय? डुक्कर, साळिंदर, वानर, प्रत्येकाचा बंदोबस्त निराळा. लावलंय काय? तार कसली?

जावळीकर
रानडुक्कर, दुसरं काय असणार! न्हाव्याकडून केस आणा आणि कडेनं पसरा. डुक्कर हुंगत हुंगत चालतं, केस नाकात गेले की मागं फिरतं. आमच्या मेढ्याच्या बाजूला भाताला हेच करतात, वर जुन्या साड्या बांधतात.

वाईकर_ताई
केस एका पावसात मातीत जातात. संध्याकाळी गोवरीवर सुक्या मिरच्यांचा धूर करा.

जावळीकर
आणि धूर काय रात्रभर टिकतो, ताई?

परसदार_सातारा
डुक्कर आहे असं मी कुठं म्हटलं? रताळी आणि सुरण गेलाय. वांगी-मिरचीला तोंड लावलेलं नाही. काटेरी तार आहे, तीन पदरी.

मिरजेची_माई
गोगलगायींसाठी सांगते. रात्री ओलं पोतं पसरून ठेवा, सकाळी खाली जमलेल्या वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. आमची मेथी यानंच वाचली.

परसदार_सातारा
माई, गोगलगाय सुरण उकरत नाही हो.

बागायतदार_तासगाव
फोरेट या कीटकनाशकाच्या पुरचुंड्या तारेला बांधा. वासानं काही फिरकत नाही.

पहार
कृपा करून असलं सांगू नका. फोरेटवर 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे. जहाल विष आहे ते, आणि हे घरचं खायचं परसू आहे. घरातली लाईट तारेत सोडायचा सल्लाही कुणी देऊ नये, माणसं मेलीत त्यानं. परसदार, खड्डे कसे आहेत ते सांगा.

परसदार_सातारा
अरुंद आणि खोल, बरोबर कंदाजवळ. बाकी वाफा जागेवर आहे. हो, नारळाच्या रोपाची बुंध्याजवळची सालही कुरतडलीये. तारेखाली काळा-पांढरा काटा सापडला, वीतभर लांब.

पहार
अहो, हे आधी सांगायचं ना! साळिंदर आहे. डुकरानं मुसंडी मारून अख्खा वाफा उलथा केला असता. काटेरी तार याला आडवत नाही, ते खालून उकरून आत येतं. सगळ्या बागेला कुंपण नकोच. फक्त कंदांच्या वाफ्याला वेल्डमेश, म्हणजे जाड तारांची वेल्ड केलेली जाळी लावा, अडीच फूट वर आणि फूटभर जमिनीत, खालची कड बाहेर वळवून. उकरायला लागलं की पंजे जाळीला अडतात. कोंबड्यांची पातळ जाळी घेऊ नका, दातानं तोडतं. नारळाच्या बुंध्याला जुना पत्रा गुंडाळा. पिकलेली पडलेली फळं रोज उचला, त्या वासानं पण येतं.

जावळीकर
केस टाकून बघायला काय जातंय? फुकट तर आहेत.

बागायतदार_तासगाव
फास लावा, विषय संपला.

वाईकर_ताई
1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, दादा. आणि फासात कुत्रं-मांजरही अडकतं. वनखात्याला 1926 वर फोन करा.

परसदार_सातारा
फोन नंतर. पहारभाऊ, इथं वीतभर खाली मुरूम लागतो. फूटभर जाळी जाणार कशी?

पहार
मग पुरूच नका. तळाची दोन फूट जाळी बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी पसरा, वर दगड ठेवा. ते जाळीच्या मुळाशीच उकरायला जातं, मागं सरून सुरुवात करत नाही. जुनी जाळी भंगारवाल्याकडं बघा, निम्म्या पैशात येईल.

मिरजेची_माई
वानरांचं पण कुणीतरी सांगा, शेवगा ठेवत नाहीत.