मदत हवी आहे: तीच रेड वाइन जानेवारीत १५ मार्कांची आणि एप्रिलमध्ये ११ ची, पारखायचं कसं?

पानगळ

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, जाणकारांनी वेळ काढून वाचावं ही विनंती.

आम्ही पुण्यातले सहाजण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि परवडणाऱ्या रेड वाइन चाखून त्यांना मार्क देतो. बजेट बाटलीमागे आठशे, अगदीच मोह झाला तर हजार. त्यामुळे येतात त्या सगळ्या आपल्याकडच्याच, म्हणजे नाशिकच्या शिराझ, अकलूजच्या फ्रातेल्लीची सँजिओव्हेजे, बंगळुरूकडच्या ग्रोव्हरची कॅबरने-शिराझ अशा. मार्क वीसपैकी, रंगाला दोन, वासाला सहा, चवीला आठ आणि घोट गिळल्यावर तोंडात जे रेंगाळतं त्याला चार. हे कोष्टक मी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या वीस गुणांच्या पद्धतीवरून आमच्यापुरतं सोपं करून घेतलंय.

हे सगळं करायचं कारण असं की ओळखीतले लोक सारखे विचारतात, कमी पैशात चांगली कुठली घेऊ, आणि त्यांना मनापासून सांगता येईल अशी एक यादी मला बनवायची आहे. लोक स्वतःचे पैसे घालणार, तर यादी विश्वासाची हवी ना.

आता अडचण. एक शिराझ आम्ही जानेवारीत चाखली तेव्हा सरासरी १५ आली, तीच एप्रिलमध्ये परत आणली तर ११. दुकान तेच, मागच्या लेबलावरचा बॅच नंबरही तोच, मी ताडून बघितलाय. एप्रिलमध्ये सगळे म्हणाले की नाकात चढतेय, गोडसर आणि जड लागतेय. जानेवारीच्या वहीत याच वाइनपुढे "जांभूळ, मिरी, छान तुरट" लिहिलंय. मग खरी कुठली धरू?

दुसरं म्हणजे एका बाटलीचं झाकण फिरवल्या फिरवल्या जळक्या रबरासारखा वास आला, तिघांनी तिथेच शून्य दिलं, आणि तासाभराने उरलेली प्यायला घेतली तर वास गायब आणि वाइन मस्त. वाइनचं नाव देत नाही, कारण दोष बाटलीचा होता की हे असंच असतं हेच मला ठरवता येत नाहीये, उगाच कुणाचं नाव खराब नको. आणि तिसरं, आंबट आणि तुरट यावरून आमच्यात दर वेळी वाद होतो, एकजण ज्याला आंबट म्हणतो त्याला दुसरी तुरट म्हणते आणि दोघंही मार्क कापतात.

प्लीज मदत करा, कोर्स वगैरे करायची तयारी सध्या नाही, घरच्या घरी काय करता येईल ते सांगा.

सह्यवारा

पानगळ, एप्रिलमध्ये बाटली फ्रिजमध्ये ठेवली होती का?

पानगळ

नाही हो. रेड वाइन रूम टेंपरेचरलाच प्यायची असं सगळीकडे वाचलंय म्हणून कपाटातून काढली आणि ओतली.

सह्यवारा

मग तुमचं निम्मं उत्तर तिथेच आहे. रूम टेंपरेचर हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा, म्हणजे १६ ते १८ अंश. एप्रिलमध्ये संध्याकाळीसुद्धा आपला हॉल ३० च्या वर असतो. तेवढ्या गरम वाइनमधलं अल्कोहोल उडून थेट नाकात जातं, फळाचा वास शिजल्यासारखा होतो, तुरटपणा मागे पडतो आणि गोडवा पुढे येतो, म्हणजे तुमच्या मंडळींनी जे जे लिहिलंय ते सगळं. जानेवारीत पुण्यातल्या घरात संध्याकाळी आपोआप बरंच थंड असतं, त्यामुळे तेव्हा तीच वाइन जागेवर होती.

उन्हाळ्यात बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये आडवी ठेवा आणि मग काढा. रात्रभर राहिली असेल तर उलटं, तासभर आधी बाहेर. फार थंड प्यायलात तर वास मिटतो आणि तुरटपणा अंगावर येतो, तेही चुकीचंच माप. स्वयंपाकघरात वापरायचा एखादा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि वहीत मार्कांच्या शेजारी तापमानाचा रकाना ठेवा. त्या रकान्याशिवाय दोन महिन्यांचे मार्क एकमेकांशेजारी मांडूच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

निफाडकर

ताई, आमची द्राक्षबाग आहे, थोडं क्षेत्र वाइनच्या द्राक्षाचं, शिराझ आणि कॅबरने, वाइनरीला माल जातो. मार्क द्यायचं मला फारसं कळत नाही पण तुरटपणाबद्दल बोलू शकतो कारण तो आमच्याकडूनच बाटलीत जातो.

आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि वाइनचा माल साधारण जानेवारीअखेर ते मार्च असा तुटतो. म्हणजे युरोपात उन्हाळा संपता संपता थंडीकडे जाताना द्राक्ष पिकतं आणि आपल्याकडे थंडी संपून ऊन चढताना. फेब्रुवारी तापला की साखर भराभर वाढते, आंबटपणा भराभर उतरतो, पण साल आणि बी यांची पिकण्याची गती वेगळी, ती मागे राहतात. वाइनरीचा माणूस बागेत येतो तो नुसता ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) बघत नाही. मणी तोंडात दाबतो, गर गिळून टाकतो आणि बी दाताखाली फोडतो. बी हिरवट आणि चिवट असेल तर तोंड आखडतं आणि ते आखडणं बराच वेळ जात नाही. तपकिरी झालेली बी कट्‌कन फुटते, भाजल्यासारखी लागते. हिरव्या बीचा माल तोडावा लागला (पाऊस येतोय, नाहीतर साखर हाताबाहेर चाललीय) तर तो कच्चा तुरटपणा वाइनमध्ये उतरतो. कॅबरनेमध्ये ढोबळी मिरचीसारखा वास येतो तोही बराचसा कच्चेपणाचा, सावलीत राहिलेल्या घडांचा.

तर तुरट म्हणून मार्क कापू नका. पिकलेला तुरटपणा हिरड्यांवर मखमलीसारखा बसतो आणि सुटतो, कच्चा खरखरतो आणि शेवटी कडवट होतो. स्वस्त वाइनमध्ये हाच फरक सगळ्यात जास्त बघायला मिळतो. खूप घड ठेवलेल्या वेलीचा माल पातळ येतो, त्याला चांगला तुरटपणा मिळतच नाही, मग थोडी साखर मागे ठेवून आणि ओकच्या लाकडाच्या तुकड्यांचा व्हॅनिलासारखा वास देऊन अंगात भर घातली जाते. पहिल्या घोटाला गोड आणि छान, तिसऱ्या घोटाला कंटाळा.

पानगळ

निफाडकर दादा, बी फोडून बघण्याचं मला माहीतच नव्हतं, खूप खूप आभार. पण आंबट आणि तुरट तोंडात वेगळं ओळखायचं कसं, त्याचा काही सराव आहे का? आणि फळाचा वास गोड येतो तेव्हा वाइन खरंच गोड आहे की नाकाला तसं वाटतंय हेही कळत नाही.

मीठभाकर

मी खाद्यपदार्थांच्या चव-चाचणीचं काम बरीच वर्षं केलंय, वाइनचं नाही, पण पद्धत तीच लागते म्हणून लिहितो.

आधी सराव. दोन ग्लास घ्या, एकात कोरा चहा, पत्ती दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवून गार केलेला, साखर नाही. दुसऱ्यात पाण्यात पिळलेलं लिंबू, साखर-मीठ नाही. लिंबाचा घोट घेतला की जिभेच्या कडांना लाळ सुटते, ते आंबट. चहाचा घोट घेतला की लाळ आटते, गालांची आतली बाजू आणि हिरड्या कोरड्या पडतात, ते तुरट, ही चव नसून स्पर्श आहे. मग दोन्ही थोडं थोडं एकत्र करून घ्या, कारण वाइनमध्ये ते एकत्रच येतं आणि आंबटपणा वाढला की तुरटपणाही जास्त टोचतो. म्हणून तुमच्यात भांडण होतंय, दोघंही बहुतेक एकाच घोटाबद्दल बरोबर बोलतायत.

गोडव्याचं सोपं आहे. नाक चिमटीत धरून घोट घ्या, तोंडात फिरवा. वास बंद झाला की फळ गायब होतं आणि साखर असेल तर तेवढीच राहते. मग नाक सोडा, फरक लगेच कळेल.

आता मार्कांचं. कॅलिफोर्नियात स्वतः वाइनरी चालवणाऱ्या रॉबर्ट हॉजसन नावाच्या निवृत्त प्राध्यापकांनी तिथल्या स्टेट फेअरमधल्या वाइन स्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन त्यांच्या नकळत तीनदा दिली आणि मार्क तपासले. २००८ साली ते छापून आलं. दहातला साधारण एकच परीक्षक तिन्ही वेळा स्वतःच्या मार्कांच्या जवळपास राहिला. हे रोज वाइन चाखणारे लोक होते. तेव्हा तुमच्या सहाजणांची सरासरी चार मार्कांनी हलली यात नवल नाही, आणि त्यासाठी कुणाला दोष द्यायचं कारण नाही. डेव्हिसची पद्धतसुद्धा मुळात विद्यापीठात बनवलेल्या प्रायोगिक वाइनमधले दोष पकडायला होती, १३ आणि १४ यांच्यात बारकावे काढायला नव्हे.

मी असं करेन. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, मानेसकट, कारण झाकणाचा रंग आणि बाटलीचे खांदे ओळखीचे असतात. एकाने गुंडाळायच्या आणि दुसऱ्याने आकडे टाकायचे, म्हणजे दोघांनाही पूर्ण माहिती नाही. चार वाइन असतील तर पाच ग्लास मांडा, एक वाइन दोनदा. ज्याने त्या जोडीला फार वेगळे मार्क दिले त्याचा त्या दिवसाचा तक्ता बाजूला ठेवायचा. आणि मार्कांऐवजी क्रम लावा, आवडती पहिली, नावडती शेवटी, माणसाला क्रम जास्त नीट लावता येतो.

दोन वाइनमध्ये खरंच फरक आहे का अशी शंका असेल तर तीन ग्लासची चाचणी घ्या. दोन ग्लासात एक वाइन, तिसऱ्यात दुसरी, वेगळा ग्लास कुठला ते ओळखायचं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येणारच. त्यामुळे सहापैकी चौघांनी ओळखलं तरी तेवढे किंवा त्याहून जास्त जण निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १० टक्के उरते. पाचजणांनी ओळखलं तर ती दोन टक्क्यांच्या खाली जाते, मग म्हणा फरक आहे. सहाशेची आणि हजाराची बाटली अशी शेजारी ठेवून बघा, तुमच्या यादीसाठी यासारखी उपयोगी माहिती दुसरी नाही.

आणि चाखायच्या आधी चिवडा, फरसाण, बडीशेप काही नको. मीठ आणि तेल तुरटपणा झाकतात, तिखटाने अल्कोहोल जास्त जळजळतं. साधा पाव आणि पाणी ठेवा. जेवण नंतर.

सह्यवारा

मीठभाकर यांच्या प्रतिसादाला जोडून. रंगाचे दोन मार्क आधी देऊ नका, शेवटी द्या किंवा काढूनच टाका. बोर्दोमध्ये ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिला तर त्यांनी वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं, २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. गडद रंग दिसला की आपण मनातल्या मनात दोन मार्क वाढवून बसतो.

रबराच्या वासाबद्दल, तो गंधकाच्या संयुगांचा वास. आंबवताना यीस्टला पुरेसं पोषण मिळालं नाही की तयार होतो, आणि फिरवायच्या झाकणातून हवा फार कमी जाते म्हणून कोंडून राहतो. हवा लागली की बऱ्याचदा उडतो, तुमचा तसाच उडाला. घरी खात्री करायची असेल तर थोडी वाइन तांब्याच्या घासून लख्ख केलेल्या फुलपात्रात ओता, दोन मिनिटं फिरवा आणि वास घ्या. वास गेला तर कारण गंधकच. मात्र ती वाइन नुसती हुंगायची आणि ओतून टाकायची, प्यायची अजिबात नाही, आंबट पदार्थात तांबं उतरतं.

व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास असेल तर तो हवेने जाणार नाही, तो खरा दोष. ओल्या पुठ्ठ्याचा वास हा बुचाचा दोष, त्या बाटल्याही सुधारत नाहीत, उलट वेळ जाईल तसा वास वाढतो. आणि सगळ्या फळाचा मुरांबा झालेला, ताजेपणा काहीच नाही, असं थंड करूनही लागलं तर बाटली कुठेतरी तापलेली आहे, गोदामात, टेंपोत किंवा दुकानात. उन्हात किंवा दिव्यांच्या शेजारी मांडलेली बाटली कधीच घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा आणि भरल्याचा महिना बघून त्यातली सगळ्यात अलीकडची घ्या. या किमतीच्या रेड साठवायला बनवलेल्याच नसतात.

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार, वहीत वेगळं पान करून सगळं उतरवून घेतलंय.

पुढच्या बैठकीचं असं ठरवलंय: सगळ्या बाटल्या १७ अंशांवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, चार वाइन पाच ग्लास, प्रत्येक बाटली वीस मिनिटं आधी उघडायची आणि वास दोनदा नोंदवायचा, ओतल्यावर एकदा आणि अर्ध्या तासाने एकदा. पहिला वास वाईट आणि दुसरा चांगला असेल तर शून्य द्यायचं नाही, यादीत "आधी उघडून ठेवा" एवढंच लिहायचं. रंगाचे मार्क बंद. जेवण साडेनऊनंतर, यावर दोघांनी कुरकुर केली पण मी ऐकणार नाहीये.

एकच शंका राहिलीय. बैठकीनंतर अर्ध्या अर्ध्या बाटल्या उरतात. त्याच वाइन पुढच्या रविवारी परत चाखून ताळा करता येईल का, की तोवर त्या बदलतात? दर वेळी नवीन बाटली घेणं बजेटमध्ये बसत नाही.

सह्यवारा

झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलीत तर तीन-चार दिवस बरी राहते, आठवड्याने मात्र फळ उतरलेलं असतं, तो ताळा धरता येणार नाही. त्यापेक्षा ३७५ मिलीची रिकामी, फिरवायच्या झाकणाची बाटली गरम पाण्याने धुऊन पूर्ण सुकवून ठेवा. मोठी बाटली उघडल्या उघडल्या, ग्लास भरायच्याही आधी, छोटी अगदी गळ्यापर्यंत भरा, आत हवा राहता कामा नये, झाकण घट्ट लावून लगेच फ्रिजमध्ये. आठवडाभर टिकते. उरलेल्या निम्म्यात सहाजणांना प्रत्येकी साठ मिली येतात, चाखायला तेवढे पुरेत.

निफाडकर

ताई, फेब्रुवारीत तोडणी चालू असताना नाशिकला चक्कर टाका. शिराझचे मणी वेलीवरून तोडून देतो, बी फोडून बघा सगळेजण.