लोकांनी गाणं ‘उचललं’ : बरोबर की चूक?

रंकाळाकाठ
रॉक मैफलींवरचा एक लेख मराठीत आणतोय आणि एका क्रियापदाशी अडलोय. प्रसंग १३ जुलै १९८५चा, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरच्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी मैफलीचा. क्वीन या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी शब्दांशिवाय नुसती ‘एऽऽओ’ अशी तान घेतो, थांबतो, आणि सुमारे ७२ हजार माणसं ती परत म्हणतात. मी लिहिलं, ‘लोकांनी तान उचलली.’ आमच्याकडं आरतीत, भजनात असंच म्हणतात. संपादकांनी तिथं ‘सहगायन’ घातलं. म्हणाले, उचलली म्हणजे चोरली. मला ‘सहगायन’ स्नेहसंमेलनातलं वाटतं. काय लिहू?

शब्दवेल
संपादकांचं बरोबर आहे. ‘अमक्यानं चाल उचलली’ हे वाक्य कौतुकाचं नसतं. छापील मजकुरात अर्थ दुहेरी होऊ नये.

पेठकरी
ताई, चाल उचलली की चोरी, गाणं उचललं की साथ. भजनात बुवा ओळ टाकतात, मंडळी उचलतात. शिवाजी पेठेत कुणालाही विचारा, चोरीचा अर्थ मनातसुद्धा येणार नाही. पण त्याहून चांगला शब्द आपल्याकडं आहे : झील. शाहिरामागं ‘जी रं जी’ म्हणतात ते झीलकरी. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या कोल्हापुरात हा शब्द आठवण करून द्यावा लागतो, याचं वाईट वाटतं.

रंकाळाकाठ
पेठकरीदादा, शब्द देखणा आहे, पण झीलकरी शाहिराच्या ताफ्यातले. त्यांची तालीम झालेली असते. वेम्बलीतले लोक तिकीट काढून आलेले.

डोंगरवाट
मग जोतिबाला या. चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचत असतात, गर्दीतून कुणीतरी ‘जोतिबाच्या नावानं’ म्हणतो आणि सगळा डोंगर ‘चांगभलं’ म्हणतो. त्यात तालीम नाही, ताफा नाही, कुणी कुणाला ओळखत नाही. माझी आजी याला ‘आवाज झेलणं’ म्हणायची. एकानं टाकायचा, बाकीच्यांनी झेलायचा. ‘झील’सुद्धा ‘झेलणं’वरूनच आली असणार.

शब्दवेल
नुसत्या ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये. पुरावा द्या.

डोंगरवाट
पुरावा माझ्या कानाचा आहे. शाहीर ओळ सोडतो, झीलकरी झेलतात. यापेक्षा सरळ काय असतं?

तिसरी घंटा
एक बाजू राहून जातेय. १९७७ साली स्टॅफर्डच्या बिंग्ले हॉलमध्ये क्वीन मंच सोडून गेल्यावर प्रेक्षक आपणहून एक फुटबॉलगीत गाऊ लागले. ते ऐकून क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे यानं लोकांनाच वाजवता येईल असं गाणं रचलं : दोनदा पाय आपटायचे, एक टाळी. तिथं लोक कुणाची साथ करत नव्हते, झेलत नव्हते, उचलतही नव्हते. गाणं त्यांचंच होतं. त्याला सरळ ‘लोक गाऊ लागले’ म्हणावं. प्रत्येक गोष्टीला जोडशब्द घडवायची सवय सोडू या.

शब्दवेल
पण ‘गाऊ लागले’मध्ये गायकाशी असलेलं नातं दिसत नाही. शिवाय तुम्ही ‘प्रेक्षक’ लिहिलंत. मैफलीला असतात ते श्रोते.

तिसरी घंटा
रॉकच्या मैदानात माणसं उड्या मारतात, हात उंचावतात, गातात. ‘श्रोते’ म्हटलं की मांडी घालून बसलेले डोळ्यांपुढं येतात.

पेठकरी
आमच्याकडं दोन्हीला एकच शब्द आहे : पब्लिक. ‘पब्लिकनं गाणं उचललं.’ छापा हेच.

शब्दवेल
‘पब्लिक’ बोलताना चालेल, लेखात नको.

डोंगरवाट
पेठकरीदादा, ‘जी रं जी’चा विषय निघालाच आहे तर एक विचारते. ‘जी’ मानाचा आणि लगेच ‘रं’ एकेरी, हे एकत्र कसं?

पेठकरी
तो ‘जी’ मानाचा नव्हेच, होकाराचा. शाहीर सांगतो, झीलकरी ‘होय’ म्हणतात. ‘रं’ तालाच्या वजनासाठी.

शब्दवेल
होकाराचा ‘जी’सुद्धा मूळचा आदराचाच. थोरांना उत्तर देताना ‘जी’ म्हणतात ते का?

डोंगरवाट
म्हणजे ‘रं’ शाहिराला उद्देशून नाहीच. तो समोर बसलेल्यांना आहे, असं माझं मत.