सेटिंगची नवी पद्धत ऑपरेटरना विचारून ठरवावी का?

लाइन_सुपरवायझर: सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनच्या) लाइनवर जॉब बदलताना सेटिंगला, म्हणजे मशीन पुढच्या कामासाठी लावायला, ५० मिनिटं जातात. नवी पद्धत इंजिनिअरनी ठरवून द्यावी, की ऑपरेटरना सोबत घेऊन? वरिष्ठ म्हणतात, मीटिंगांमुळे उत्पादन पडेल. २४ ऑपरेटर, तीन शिफ्ट, इन्सेंटिव्ह नगांवर.

औद्योगिक_मानसशास्त्र: सोबत घेऊनच. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हारवुड पायजमा कारखान्यात नेमकं हेच तपासलं गेलं. कोच आणि फ्रेंच या संशोधकांनी निष्कर्ष १९४८ मध्ये छापले. कामाची पद्धत बदलल्यावर ज्या गटाला नुसता हुकूम मिळाला, तो ताशी ५० नगांच्या आसपास अडकला. ठरलेलं प्रमाण ६० होतं. ४० दिवसांत १७ टक्के लोक काम सोडून गेले. जिथे सगळ्यांना चर्चेत घेतलं, ते गट झटकन सावरले आणि आधीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेले. तिथून कुणीही काम सोडलं नाही.

शॉपफ्लोअर_२: पण १९६० मध्ये छापलेला नॉर्वेतल्या पादत्राण कारखान्याचा प्रयोगही बघा. तिथे उत्पादनात फरक पडला नाही. कामगारांच्या हाती दिलेले निर्णय उत्पादनाशी फारसे जोडलेलेच नव्हते. कँटीनचा मेन्यू ठरवू दिल्याने सेटिंग कमी होत नाही! त्यांना खरे प्रश्न द्या: पुढच्या जॉबचे जॉ (नग पकडणारे जबडे) आणि टूल मशीन चालू असतानाच कुणी आणायचे, ट्रॉली कुठे उभी करायची, पहिला पीस कुणी तपासायचा. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि सेफ्टी गार्ड चर्चेत नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगा. युनियन असेल तर तिच्याशी आधी बोला.

आयई_पुणे: खरी मेख इन्सेंटिव्हमध्ये आहे. सेटिंगचे २० मिनिटं वाचले की लगेच टार्गेट वाढवलं, तर पुढची युक्ती कुणी तोंडातून काढणार नाही, आणि ते बरोबरच आहे. सहा महिने टार्गेटला हात लावणार नाही, असं लेखी द्या. आधी चार आठवडे सेटिंगची मिनिटं, ताशी चांगले नग आणि रिजेक्शन नोंदवा, म्हणजे तुलना करता येईल. पहिले काही दिवस आकडे पडतील, हात बसेपर्यंत. तेवढ्यावरून पद्धत गुंडाळू नका.

लाइन_सुपरवायझर: तिन्ही शिफ्टना एकत्र बसवणं जमणार नाही.

आयई_पुणे: गरजही नाही. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला मशीनपाशीच १५ मिनिटं, एका वेळी एकच मुद्दा. सूचना फळ्यावर लिहा, म्हणजे पुढची शिफ्ट वाचेल. प्रत्येक सूचनेला सात दिवसांत उत्तर द्या. नकार असेल तर कारणासकट.