डीएनए दुरुस्तीत थायमिन सोडून नेमका युरॅसिलच कसा हेरला जातो? आणि म्यूटवाय हे विकर निर्दोष ॲडेनिन का काढते?

सूक्ष्मदर्शी: बेस उच्छेदन दुरुस्तीच्या (डीएनएमधील बिघडलेले बेस, म्हणजे त्याची ‘अक्षरे’, काढून बदलण्याच्या) पहिल्या टप्प्याविषयी पाठ्यपुस्तके बहुधा ‘ग्लायकोसायलेज हे विकर (एन्झाइम) बिघडलेला बेस ओळखून काढते’ एवढ्यावर थांबतात. ई. कोलाय या जिवाणूच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख बेसजोड्या असतात आणि सायटोसिनचा अमिनो गट गळून तयार होणाऱ्या युरॅसिलमध्ये व थायमिनमध्ये फरक आहे तो केवळ एका मिथिल गटाचा. बेस दुहेरी सर्पिलाच्या आत दडलेले असताना हा फरक विकराला कळतो कसा? शिवाय म्यूटवाय तर न बिघडलेला ॲडेनिन काढते. याला दुरुस्ती का म्हणायचे?

रेणुवेध: टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये ई. कोलायमध्ये शोधलेल्या युरॅसिल ग्लायकोसायलेजपुरते सांगतो. हे विकर डीएनएवर सैलसर बसते, थोडे सरकते, सुटते आणि पुन्हा दुसरीकडे बसते. या शोधासाठी एटीपी (पेशीचे इंधन) खर्च होत नाही. बेसजोड्या अधूनमधून आपोआप क्षणभर उघडतात आणि अशा वेळी बाहेर डोकावलेला बेस ते पकडते. बेस पूर्ण बाहेर वळला की सर्पिलातील रिकाम्या जागेत विकरातील १९१ क्रमांकाचे अमिनो आम्ल, ल्युसिन, शिरते. खरी परीक्षा होते ती त्यानंतर, विकराच्या खोबणीत: ६६ क्रमांकाचे टायरोसिन थायमिनच्या मिथिल गटाला आडवे येते, १२३ क्रमांकाच्या ॲस्परॅजिनचे हायड्रोजन बंध युरॅसिलशी जुळतात पण सायटोसिनशी जुळत नाहीत, आणि प्युरिन (ॲडेनिन व ग्वानिन हे मोठे बेस) तर तिथे मावतच नाहीत.

सूक्ष्मदर्शी: म्हणजे थायमिनही बाहेर वळतो, पण खोबणीत बसत नाही म्हणून परत जागेवर जातो?

रेणुवेध: होय. तो खोबणीच्या तोंडापर्यंत येऊ शकतो, परंतु बेस व साखरेतील बंध तुटण्यासाठी लागणारी मांडणी त्याला मिळत नाही.

जिवाणूशास्त्र_अभ्यासक: म्यूटवायविषयी. ग्वानिनचे ऑक्सिडीकरण होऊन ८-ऑक्सोग्वानिन बनते आणि ते सायटोसिनइतकेच सहज ॲडेनिनशीही जोडी जमवते. समोर सायटोसिन असेपर्यंत म्यूटएम हे विकर ऑक्सोग्वानिन काढून टाकते. मात्र त्याआधीच डीएनएची प्रतिकृती होऊन समोर ॲडेनिन बसला, तर ऑक्सोग्वानिन काढणेच घातक ठरते, कारण रिकामी जागा ॲडेनिनकडे पाहून थायमिनने भरली जाईल आणि उत्परिवर्तन कायमचे होईल. म्हणून अशा जोडीत म्यूटएम फारसे हात घालत नाही. म्यूटवाय ॲडेनिन काढते, त्या जागी सायटोसिन येतो आणि मगच म्यूटएमची पाळी येते. बिघाड समोरच्या धाग्यावर आहे, हे म्यूटवाय आपल्या सी-टोकाकडील (प्रथिनसाखळीच्या शेवटच्या) भागाच्या साहाय्याने तपासते. या दोन्ही विकरांची जनुके एकाच वेळी निकामी केलेल्या जिवाणूंत जीसी ते टीए (ग्वानिन-सायटोसिन जोडीच्या जागी थायमिन-ॲडेनिन) ही उत्परिवर्तने एकेक जनुक निकामी असलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळतात, त्यामुळे ‘दुरुस्ती’ हे नाव मला तरी रास्त वाटते.

फाजप्रेमी: किंचित विषयांतर. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूवर वाढणाऱ्या पीबीएस२ या विषाणूच्या डीएनएमध्ये थायमिनऐवजी युरॅसिलच असतो. यजमानाचे युरॅसिल ग्लायकोसायलेज त्याचे तुकडे पाडू नये म्हणून तो यूजीआय नावाचे लहान प्रथिन बनवतो, जे डीएनएची नक्कल करत विकराच्या पकडीत घट्ट अडकून बसते. सायटोसिनचे थायमिन करणाऱ्या आजच्या बेस संपादकांमध्ये (डीएनएमधील एखादा बेस बदलणाऱ्या साधनांमध्ये) हेच प्रथिन जोडलेले असते, म्हणजे मध्ये तयार झालेला युरॅसिल पेशी लगेच काढून टाकत नाही.