'द फायनल कट' नवख्याला आधी ऐकवावा का?

सुईदोरा: आज तबकडी काढली आणि जुना वाद आठवला. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा १९८३ चा हा अल्बम म्हणजे त्यांचा गायक-गीतकार रॉजर वॉटर्स याचं घरगुती दुःख. वडील १९४४ मध्ये दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या आंझिओला मारले गेले, तेव्हा वॉटर्स पाच महिन्यांचा. पण पहिलाच अल्बम म्हणून? माझं मत: नको. बँडचा गिटारवादक-गायक गिल्मोर मुख्य आवाजात फक्त 'नॉट नाऊ जॉन'मध्ये. कीबोर्डवाला राइट तर नाहीच. मग नवख्याला फ्लॉइड कसला कळणार?

रात्रपाळी: +१. आधी 'विश यू वेअर हिअर' (पाच गाणी), मग 'द वॉल', मग हा. 'हीरोज रिटर्न'मधला माणूस म्हणजे 'वॉल'मधलाच मास्तर, युद्धावरून परतलेला. वॉल न ऐकता ते गाणं अधांतरी.

कुकरची_शिट्टी: पण ऐकवायचाच असेल तर आवाजाचं बघा!! वॉटर्स कुजबुजतो म्हणून लोक आवाज वाढवतात. पहिली बाजू 'पॅरानॉइड आइज'वर हळूच संपते, आणि दुसरी उघडताच क्षेपणास्त्राचा स्फोट. आवाज त्या स्फोटावर बेतून ठेवायचा, कुजबुजीवर नाही.

सुईदोरा: 😂 शेजारी दार वाजवतात ते याचसाठी

रात्रपाळी: हेडफोनच लावा. होलोफोनिक ध्वनी आहेत (आवाज आपल्या चहूबाजूंनी येतोय असं भासवणारं ध्वनिमुद्रण), स्पीकरवर ते दिशेचं काम निम्मं वाया जातं. शफल बंद. क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारी सोय) शून्य, नाहीतर जोड बिघडतात.

अर्धा_कप: आणि २००४ ची आवृत्ती लावलीत तर 'व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री' हे वडिलांच्या मृत्यूवरचं गाणं मध्येच येतं, 'वन ऑफ द फ्यू'नंतर. मूळ १२ गाणी, ही १३. नवख्याला हीच द्या, वडिलांचं प्रकरण सरळ कळतं.

जुनी_कॅसेट: एकच गाणं ऐकवायचं तर 'गनर्स ड्रीम'. वॉटर्सची किंकाळी ताणत जाते आणि कधी सॅक्सोफोन होते ते कळतच नाही. तो सांधा ऐकून मान वर झाली नाही, तर पुढचं ऐकवूच नका.

कुकरची_शिट्टी: शेवटच्या गाण्यात ड्रम बँडचा ड्रमर मेसनचे नाहीत, अँडी न्यूमार्कचे आहेत, ताल अवघड म्हणून. कोणी मेसनचं कौतुक केलं तर हसू नका

अर्धा_कप: 'अ‍ॅनिमल्स' हा अल्बम कुठे गेला या यादीत? रात्रपाळी, १९७७ विसरलात!

रात्रपाळी: अरे हो. 'वॉल'च्या आधी घाला. तीन मोठी गाणी, 'डॉग्ज' एकटं १७ मिनिटांचं. चहा करून बसा

सुईदोरा: बरं, 'वॉल'वर दुसरा धागा काढते